गाळाचा हिशेब कोणत्या वहीत?

मृगाचा पहिला दमदार पाऊस कोसळला की डिचोली, सत्तरी, सांगे, केपे ह्या तालुक्यांतील ओहळांना रंग चढतो. जांभ्या दगडाच्या मुलखात पावसाळी पाणी तांबूस असावयाचेच, हे कोकणपट्टीत जन्मलेल्या कोणासही सांगावयास नको. परंतु खाणींच्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांवरून जे पाणी खाली उतरते ते नुसते तांबूस नसते, दाट असते. शेतात ते एकदा शिरले की तळाशी बसलेला गाळ उन्हात वाळून फरशीसारखा टणक होतो, आणि मग तेथे नांगर चालत नाही, वायंगणाची लावणीही होत नाही. नुकसानभरपाईचे अर्ज होतात, पंचनामे होतात, काहींच्या हाती चार पैसे पडतात. पुढच्या मृगाला पुन्हा तेच.

डिसेंबर २०२२ पासून गोव्यातील खनिज गटांचे लिलाव सुरू झाले. त्यांत पहिला मान डिचोलीचा होता. लिलावात गेलेल्या काही गटांत उत्खननही पुन्हा चालू झाले आहे. ह्या साऱ्या व्यवहाराची चर्चा आज होते ती महसुलाच्या आकड्यांत आणि रोजगाराच्या आश्वासनांत. त्या चर्चेत वर वर्णिलेल्या गाळाला जागा नाही. ती का नाही, हे समजून घ्यावयाचे तर गोव्याच्या सीमेबाहेर पाहावे लागते, कारण येथील डोंगर कोणत्या वर्षी किती खणला जावा हे पणजीत क्वचितच ठरले आहे.

पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या कायद्याने खाणींच्या सवलती दिल्या जाऊ लागल्या, त्याही कायमच्या. प्रत्यक्ष लोहखनिजाची निर्यात सुरू झाली ती १९४७ मध्ये. आणि पन्नाशीचे दशक उजाडताच महायुद्धात होरपळलेल्या, परंतु पोलादाच्या भट्ट्या पुन्हा पेटविण्यास निघालेल्या जपानने गोव्याच्या डोंगरांकडे दृष्टी वळविली. तोवर पाटी-फावड्यांनी चालणाऱ्या खाणींत यंत्रे आली. गोवा मुक्त झाला, सरकारे बदलली, १९८७ च्या कायद्याने पोर्तुगीज सवलती रद्द होऊन त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. ग्राहक मात्र दीर्घकाळ तोच राहिला.

ह्याच जपानचे उदाहरण अर्थशास्त्रज्ञांचा एक वर्ग मोठ्या उत्साहाने देतो. त्यांचे म्हणणे असे की, देश गरीब असताना निसर्ग नासतो, पुढे श्रीमंती आली की तोच देश आपले पाणी आणि हवा स्वच्छ करून घेतो. तेव्हा आधी उत्पन्न वाढू द्यावे. मिनामाताच्या खाडीतील पाऱ्याच्या विषाने माणसे लुळी पडू लागल्याचे १९५६ मध्ये उघड झाले, आणि १९७० च्या अधिवेशनात जपानी संसदेने प्रदूषणाविरुद्ध एकामागून एक चौदा कायदे संमत केले, हे खरेच आहे. त्या देशाची सुमारे दोनतृतीयांश भूमी आज वनाच्छादित आहे, हेही खरे. ज्या राष्ट्राने हे साधले त्याचे कौतुकच केले पाहिजे. परंतु पोलादाचा त्याग करून त्याने हे साधलेले नाही. त्याच्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज जवळजवळ सर्व परदेशांतून येते. खणलेला डोंगर, बुजलेला ओहळ आणि आटलेली विहीर ही खनिज देणाऱ्या देशाच्या खात्यावर राहतात. जहाजात चढते ते केवळ खनिज. एक टन खनिज काढण्यासाठी गोव्यात अडीच ते तीन टन माती उपसावी लागते, आणि ती माती ज्याची त्याने ठेवून घ्यावयाची असते.

ब्राझीलची कथा आपल्याहून भीषण आहे. तेथे खनिज धुतल्यानंतर उरणारा चिखल बांध घालून अडविला जातो. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी मारियाना येथे असा बांध फुटून १९ माणसे मेली, आणि २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाजिन्यो येथे दुसरा फुटून सुमारे २७० माणसे चिखलाखाली गेली. त्या चिखलातून वेगळे झालेले खनिज त्या वेळी कोणत्या देशाच्या पुलात वा मोटारीत जाऊन बसले होते हे कोणी सांगू शकणार नाही.

यंत्रविद्या सुधारली की निसर्गावरील भार हलका होतो, असाही एक समज रूढ आहे. १९७९ मध्ये मुरगाव बंदरात खनिज भरण्याची यांत्रिक व्यवस्था सुरू झाली. जहाजे जलद भरू लागली, मोठी जहाजे येऊ लागली, आणि मोठ्या जहाजाचे पोट भरावयाचे तर मागे डोंगरही त्याच वेगाने पोखरावा लागतो. मांडवी-जुवारीतून बार्जेसची रांग लागली. आग्वादजवळ पावसाळ्यात वाळूचा बांध आडवा येतो, म्हणून त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून वळविल्या गेल्या. त्यांच्या लाटांनी खाजन शेतीच्या बांधांवर काय संस्कार केले हे काठावरचे शेतकरी जाणतात.

पुढे घडले ते याहून विलक्षण आहे. गोव्याचे खनिज हलक्या प्रतीचे. ज्यात लोह कमी ते पिढ्यान्‌पिढ्या टाकाऊ म्हणून ढिगांवर फेकले जात असे. नव्या शतकाच्या आरंभी चीनची भूक जागी झाली. त्या देशाचे पोलाद-उत्पादन २००० मध्ये १३ कोटी टनांच्या आत होते, ते २०१० मध्ये ६० कोटी टनांवर गेले. उत्तम खनिजात हलके मिसळून वापरण्याची त्यांच्या भट्ट्यांची तयारी होती. २००९ मध्ये आपल्याकडेही खनिज कशास म्हणावे ह्याची किमान लोहमर्यादा ४५ टक्क्यांवर आणण्यात आली. काल जी माती होती ती आज माल झाली! ज्या ढिगांवर झुडपे उगवून ते कोठे स्थिरावू लागले होते, तेही उकरले गेले. टनाला जेमतेम पंधरा डॉलरांच्या आसपास असलेला जागतिक भाव २०११ च्या आरंभी १८० डॉलरांच्या वर पोहोचला, आणि शतकाच्या आरंभी दीड-दोन कोटी टनांच्या घरात असलेली गोव्यातून होणारी निर्यात २०१०-११ मध्ये ५ कोटी टनांच्या पलीकडे गेली. टाकाऊतून टिकाऊ काढण्याची ही विद्या वाईट नव्हे, पण तिने खणणे कमी केले नाही, वाढविले.

पाण्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण येथेच सर्वसामान्य वाचकाची समजूत अपुरी पडते. खाण म्हणजे डोंगरातून दगड काढणे, असे आपण समजतो. गोव्यातील खनिजपट्टा वायव्येकडून आग्नेयेकडे सुमारे ९५ किलोमीटर पसरला आहे, आणि त्यातील जांभ्याच्या टोपीखालचे भुसभुशीत, भुकटीसारखे खनिज हेच मुळी पाणी धरून ठेवणारा थर आहे. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते, ह्या भुकटीत साठते, आणि वर्षभर झऱ्यांच्या रूपाने कुळागरांना व विहिरींना मिळत राहते. म्हणजे खनिज काढणे याचा अर्थ पाण्यावरची माती दूर करणे नव्हे, तर पाण्याचा रांजणच उचलून नेणे होय. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की त्यात चोहोबाजूंनी पाणी धावते, खाण कोरडी राखण्यासाठी ते उपसून टाकावे लागते, आणि आसपासच्या विहिरी आटतात. काही खड्डे तर समुद्रसपाटीच्याही खाली गेले आहेत. श्रीलईराई देवीच्या जत्रेसाठी ज्या शिरगावी दूरदूरच्या भाविकांची रीघ लागते, त्या गावच्या विहिरींची अशीच दशा होऊन पाण्यासाठी टँकरकडे पाहण्याची पाळी आली. उलट डिचोली भागात टंचाईच्या दिवसांत खाणींच्या खड्ड्यांतील पाणी नदीत सोडून पिण्यासाठी वापरल्याचेही उदाहरण आहे. हे पाणी खाणींनी दिले असे म्हणणाऱ्यांना, ते मुळात होते कोठे, असे विचारावे.

हे सारे लिहिताना एक गोष्ट आम्ही दृष्टिआड करू इच्छित नाही. ज्याचे शेत गाळाने गेले त्याच घरच्या मुलाने कर्ज काढून टिपर घेतला होता. १० सप्टेंबर २०१२ रोजी सरकारने खाणी थांबविल्या, ५ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली, तेव्हा त्या टिपरांच्या चाकांना गवत वेढू लागले. हप्ते मात्र थांबले नाहीत. वरून येणारी धूळ आणि खालून येणारा पैसा ही दोन्ही एकाच घरात शिरत होती. म्हणून खाणपट्ट्यातील माणसाला पर्यावरणाचे प्रवचन पणजी-मडगावच्या दिवाणखान्यातून देणाऱ्यांविषयी आम्हांस फारसा आदर वाटत नाही. पण चीनमधील मागणी ओसरताच भाव कोसळतो, आणि जी शेती आडवेळी आधार देत असे ती गाळाखाली गेलेली असते, हेही ह्याच माणसाने सोसले आहे.

न्यायालयाने आपले काम केले. २१ एप्रिल २०१४ च्या निवाड्यात, २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे उत्खनन पट्ट्यांची मुदत संपल्यामुळे बेकायदा ठरले, वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा आली, आणि पुढील पिढ्यांसाठी खनिजविक्रीतील दहावा हिस्सा कायम निधीत ठेवण्याचा आदेश झाला. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली. लिलावाची वाट त्यातूनच निघाली.

आता युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३ पासून आयात पोलाद बनविताना किती कर्बवायू बाहेर पडला ह्याची नोंद मागण्यास प्रारंभ केला, आणि २०२६ पासून त्यावर आकार बसविला आहे. मालासोबत त्याचा धूर मोजावयाचा, ही कल्पना आम्हांस मान्य आहे. मात्र धूर साऱ्या जगाच्या आकाशात मिसळतो म्हणून तो मोजला जातो. गाळ ज्याच्या त्याच्या शेतात बसतो, म्हणून त्याची नोंद परक्या बंदरात होणार नाही. ती आपल्यालाच ठेवावी लागेल.

लिलावात गेलेल्या प्रत्येक गटाभोवतीच्या गावांतील विहिरींची आणि झऱ्यांची पातळी, उत्खननाचे काम पुढे जाण्यापूर्वी, ग्रामपंचायतीच्या समक्ष मोजून फलकावर लावावी, आणि पुढे दरवर्षी मे महिन्यात ती पुन्हा मोजावी, अशी आमची सरकारकडे मागणी आहे. जनसुनावणीत कंपनीचा जाडजूड इंग्रजी अहवाल पुढे ठेवला जातो. त्याच्याजोगे उत्तर देण्यास गावकऱ्याजवळ आज आपल्या विहिरीच्या आठवणीखेरीज दुसरे काही नाही, आणि आठवण पुरावा म्हणून नोंदली जात नाही.