पावसाळी गाडीची आतून धुलाई
माळशेज घाटाजवळच्या मढ परिसरात पावसाळाभर माणसं ओल्या कपड्यांनी, चिखलाच्या बुटांनी गाडीत बसतात. ती ओल सीटच्या फोममध्ये मुरते आणि कुबट वास धरते. सुगंधी फवाऱ्याने तो जात नाही. गरम पाण्याचं एक्स्ट्रॅक्टर यंत्र साबणपाणी दाबाने कापडात सोडतं आणि लगेच मळासकट ओढून घेतं. त्याआधी कोरडा व्हॅक्यूम हवाच, नाहीतर मातीचा चिखल होतो. दूध, रक्त, उलटीच्या डागांवर मात्र प्रथम गार पाणी वापरा. उष्णतेने त्यातली प्रथिनं धाग्यात पक्की बसतात. पाणी एकदा सोडलं की दोन-तीनदा ओढा. सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात, तिथे फवारा नकोच. नंतर दारं उघडून पूर्ण वाळवा. झड लागली असेल तर उघडिपीची वाट पाहिलेली बरी.