मनःचक्षू सर्वांना सारखे नसतात

‘चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले’ असे आपण मराठीत सहज म्हणतो. आजोळच्या घराची आठवण निघाली की कोणाला ओसरी दिसते, कोणाला परसातली विहीर. बहुतेकांच्या बाबतीत हे वर्णन बव्हंशी शब्दशः खरे असते. काहींना मात्र तो केवळ वाक्प्रचार वाटतो. डोळे मिटल्यावर त्यांना अंधाराखेरीज काहीच दिसत नाही. घर कसे होते हे त्यांना पक्के ठाऊक असते, ते दिसत मात्र नाही. इतरांना खरोखरच काहीतरी ‘दिसते’ हेही त्यांपैकी अनेकांना प्रौढ वयापर्यंत माहीत नसते.

या अवस्थेला ‘अफॅन्टेशिया’ म्हणतात. हे नाव अवघ्या दशकभरापूर्वीचे असले, तरी या भेदाची नोंद बरीच जुनी आहे. 1880 साली ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी आपल्या परिचितांना एक प्रश्नावली पाठवली. आज सकाळचे न्याहारीचे टेबल आठवा. ते कितपत स्पष्ट दिसते, रंग दिसतात का, असे त्यातले प्रश्न होते. अनेक वैज्ञानिकांनी आपल्याला असे काही दिसत नसल्याचे कळवले, तेव्हा गाल्टन चकित झाले. वैज्ञानिकांविषयीच्या त्यांच्या निष्कर्षावर पुढे आक्षेप घेतले गेले. परंतु माणसामाणसांत हा फरक असतो, हे निरीक्षण टिकून राहिले.

त्यानंतर सुमारे शतकभर हा विषय मागे पडला. 1973 मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांनी 16 प्रश्नांची एक चाचणी तयार केली. परिचित व्यक्ती, उगवता सूर्य, दुकानाचा दर्शनी भाग आणि निसर्गदृश्य मनात आणून त्यांच्या स्पष्टतेला 1 ते 5 गुण द्यायचे, अशी तिची रचना आहे. ती आजही वापरली जाते.

विषयाला खरी गती मिळाली ती एका रुग्णामुळे. मज्जाविकारतज्ज्ञ ॲडम झेमन यांच्याकडे एक निवृत्त सर्वेक्षक आले. हृदयाच्या रक्तवाहिनीवरील अँजिओप्लास्टीनंतर त्यांची मनात चित्र पाहण्याची क्षमता अचानक लोपली होती. गवत आणि पाइन वृक्ष यांपैकी कोणाचा हिरवा रंग फिका, या प्रश्नाचे उत्तर ते अचूक देत. परंतु ते ‘पाहून’ नव्हे, तर माहितीच्या आधारे. 2010 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याविषयी वाचून, ‘आम्हाला तर जन्मापासूनच असे काही दिसत नाही’ असे सांगणारी माणसे झेमन यांच्याशी संपर्क साधू लागली. अशा 21 जणांच्या आधारे 2015 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘अफॅन्टेशिया’ हा शब्द रूढ केला. ॲरिस्टॉटलने कल्पनाशक्तीसाठी वापरलेला ‘फँटेशिया’ हा ग्रीक शब्द त्याच्या मुळाशी आहे. याच्या उलट टोकाला, प्रत्यक्षाइतकी स्पष्ट चित्रे पाहणाऱ्यांची अवस्था ‘हायपरफॅन्टेशिया’ म्हणून ओळखली जाते. ही दोन्ही टोके लोकसंख्येच्या काही टक्क्यांपुरतीच मर्यादित आहेत. उरलेले आपण सारे मधल्या पट्ट्यात कुठेतरी असतो.

हा केवळ बोलण्याच्या पद्धतीतला फरक नाही कशावरून?

ही शंका रास्त आहे, कारण दुसऱ्याच्या मनात डोकावता येत नाही. सिडनीतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी म्हणूनच शरीराची साक्ष काढली. तेजस्वी वस्तू पाहिली की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते. अशा वस्तूची नुसती कल्पना केली तरीही सामान्यतः ती किंचित आकुंचन पावते. अफॅन्टेशिया असलेल्यांमध्ये कल्पनेच्या वेळी हा बदल आढळला नाही. दुसऱ्या प्रयोगात सहभागींना भीतिदायक प्रसंग वाचायला दिले. इतरांच्या त्वचेची विद्युतवाहकता भीतीने वाढत गेली. यांची जवळजवळ स्थिर राहिली. प्रत्यक्ष भयावह छायाचित्रे दाखवल्यावर मात्र दोन्ही गटांची प्रतिक्रिया सारखीच होती. म्हणजेच भावना शाबूत होत्या. शब्दांपासून भावनेपर्यंत जाणारी चित्रांची वाट तेवढी नव्हती.

स्मृतीचेही तसेच. शिकागो विद्यापीठातील विल्मा बेनब्रिज आणि सहकाऱ्यांनी सहभागींना खोल्यांची छायाचित्रे दाखवून ती आठवणीने रेखाटायला सांगितली. अफॅन्टेशिया असलेल्यांनी कमी वस्तू काढल्या, रंगही कमी वापरले. परंतु वस्तूंच्या जागा आणि आकार त्यांनी इतरांइतकेच अचूक दाखवले. शिवाय मूळ चित्रात नसलेल्या वस्तू घुसडण्याची चूक त्यांच्याकडून कमी झाली. ‘काय’ आणि ‘कुठे’ यांची नोंद मेंदू वेगवेगळी ठेवतो, याचा हा बोलका पुरावा होय.

हा आजार आहे का?

झेमन यांच्यासह अनेक संशोधक याला विकार न मानता मानवी वैविध्याचा एक प्रकार मानतात. बुद्धी किंवा सर्जनशीलता यांचा अभाव असा त्याचा अर्थ होत नाही. पिक्सार या ॲनिमेशन संस्थेचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी आपल्याला मनात चित्र दिसत नसल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. यांपैकी अनेकांना स्वप्ने मात्र सचित्र पडतात. काहींना चेहरे ओळखणे किंवा स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग तपशीलवार आठवणे जड जाते, हेही तितकेच खरे.

प्रश्न गंभीर होतो तो नात्यांत. आपण परदेशात राहणारी माणसे आईवडिलांपासून हजारो मैलांवर असतो, आणि कधी ना कधी त्यांच्या जाण्याची बातमी फोनवरून ऐकतो. अशा वेळी ‘आईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही’ असे एक भावंड म्हणते आणि दुसरे गप्प राहते. त्या गप्प राहण्याला कोरडेपणा समजण्याची घाई आपण करू नये. चेहरा न दिसणाऱ्यालाही आईची सवय, तिचे बोलणे, तिने केलेले सारे ठाऊक असते. दुःख चित्रावर अवलंबून नसते. अशा व्यक्तीसाठी छायाचित्रे आणि चित्रफिती ही चैन नव्हे, गरज असते. त्या वेळीच जपून ठेवणे शहाणपणाचे.

हीच काळजी इतरत्रही घ्यावी लागेल. ‘डोळ्यांसमोर चित्र आण म्हणजे उत्तर सुचेल’ हा सल्ला प्रत्येक मुलाला उपयोगी पडेलच असे नाही. एखाद्याला आकृती कागदावरच काढावी लागेल. समुपदेशक ‘एखाद्या शांत जागेचे दृश्य मनात आणा’ म्हणतात, ध्यानवर्गात मूर्तीचे रूप मनात पाहायला सांगतात, आपल्याकडे मानसपूजेची परंपराही आहे. तेथे काहीच दिसत नसेल तर दोष एकाग्रतेचा किंवा श्रद्धेचा असेलच असे नाही. शब्द, श्वास, नामस्मरण असे चित्राविना जाणारे मार्गही आहेत.

घरात हा विषय काढायला एक साधा प्रश्न पुरे: ‘सफरचंद म्हटले की तुला काय दिसते?’ एकाच छताखाली वर्षानुवर्षे राहूनही उत्तरे किती वेगळी येतात, याचे नवल वाटेल. त्यांतले कोणतेही उत्तर चुकीचे नसेल.