गहाण पडलेली चांदी

गौरी-गणपती तोंडावर आले की कपाटातली चांदी बाहेर निघते. पैंजण, जोडवी, करंडा, निरांजन. गेल्या वर्षी लख्ख करून ठेवलेलं सगळं काळवंडलेलं असतं. डबा बंद, कपाट बंद, कुणी हातही लावला नाही. मग हा मळ आला कुठून?

तो मळ नाहीच मुळी. ती चांदीच आहे! हवेत गंधकाची संयुगं असतात, अब्ज भागांत जेमतेम काही भाग, पण चांदीला तेवढी पुरतात. तिचे दोन-दोन अणू गंधकाच्या एकेका अणूकडे जणू गहाण पडतात आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर चढू लागतो. सुरुवातीला हा थर इतका पातळ असतो की प्रकाश त्यात रंग खेळतो: आधी पिवळसर सोनेरी झाक, मग जांभळट, निळसर, आणि थर जाड झाला की काळा. अर्धवट काळं पडलेलं पैंजण उजेडात धरून कड्यांच्या सांध्यांपाशी बघा, हे रंग अनेकदा शेजारी शेजारी दिसतात.

आपण काय करतो? राख, रांगोळी किंवा टूथपेस्ट घेऊन घासत सुटतो. चमक येते, पण फडक्यावर जे काळं उतरतं त्यात आपलीच चांदी असते. जुन्या करंड्यावरची वेलबुट्टी सपाट होते ती दर सणाला अशी थोडी थोडी झिजूनच. बरं, चिंच लावावी तर तांब्याचं ताम्हन बघता बघता उजळतं, पण चांदीवर तिची मात्रा चालत नाही. सल्फाइड असल्या सौम्य आम्लाला दाद देत नाही.

मग न घासता चांदी सोडवून घेता येईल? येते, आणि तीही स्वयंपाकघरातल्या सामानानं. काचेच्या भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पसरा. तिच्यावर काळी पडलेली साधी चांदी ठेवा, खाण्याचा सोडा भुरभुरा आणि कढत पाणी ओता. चांदी फॉइलला टेकलेली हवी, ही अट मात्र महत्त्वाची. का? कारण भांड्यात आता चक्क विजेचा घट तयार झालाय! सोडा अ‍ॅल्युमिनियमवरचं ऑक्साइडचं कवच विरघळवतो. उघडा पडलेला अ‍ॅल्युमिनियम आपले इलेक्ट्रॉन सोडतो. ते स्पर्शाच्या जागेतून चांदीत शिरतात आणि गंधकाची पकड सुटते. हिशेब तर बघा: अ‍ॅल्युमिनियमचे दोन अणू खर्ची पडतात आणि चांदीचे सहा अणू मोकळे होतात.

पाण्यातून सडक्या अंड्यासारखा वास आला तर दचकू नका, खिडकी मात्र उघडी ठेवा. चांदीला धरून बसलेला गंधकच हायड्रोजनशी हातमिळवणी करून बाहेर पडतोय. इकडे चांदी मूळ दागिन्यावरच राहते. घासण्याच्या तुलनेत केवढा हा फरक! फक्त मुद्दाम काळपट ठेवलेले ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने यात टाकू नका. त्यांची काळी छटा बहुधा सल्फाइडचीच असते, तीही निघून जाईल.

सोन्याची गोष्ट निराळी. हवेतल्या ऑक्सिजनला ते जुमानत नाही, गंधकालाही सहसा भीक घालत नाही. तुतनखामेनचा सोन्याचा मुखवटा तीन हजारांहून अधिक वर्षांनीही झळाळतोय. मग आपली मोहनमाळ मंद का दिसते? तिच्यावर अंगाचं तेल, साबण आणि धूळ यांचा लेप बसतो म्हणून. (२२ कॅरेटच्या दागिन्यात सोनं सुमारे ९१.६ टक्के, उरलेल्या भागातलं तांबं कधी कधी थोडं काळवंडतं, एवढंच.) इथे इलेक्ट्रॉनची गरजच नाही, रिठा पुरे. त्याच्या फेसातल्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि तेल पाण्याबरोबर निघून जातं. कोमट पाणी आणि मऊ ब्रश, बास. आतून लाख भरलेला दागिना असेल तर कढत पाण्यापासून लांबच ठेवा, लाख मऊ पडते.

आणि नथ? मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, नैसर्गिक खडूतही तेच असतं. लिंबू किंवा चिंच लागली तर तो चक्क विरघळू लागतो. त्याला सोडा नको, रिठाही नको. ओलसर मऊ फडक्यानं एकेक मोती पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा.