न हलणारे हिम खडक कसे झिजवते?

हिमनदी सरकताना तळाचा खडक खरवडून काढते, हे आपण भूगोलात शिकतो. पण जे हिम जागचे हलतच नाही, तेही खडक झिजवते का?

उंच पर्वतांवरील हिवाळ्याचे हिम वितळून गेले, तरी सावलीतल्या खोलगट जागी त्याचे पांढरे पट्टे उन्हाळ्यातही टिकून राहतात. अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या बिगहॉर्न पर्वतात फ्रांस्वा मॅथेस यांनी अशा जागांचे निरीक्षण केले. साचलेले हिम स्वतः न हलताही आपल्याखालचा खळगा मोठा करते, असे त्यांनी १९०० मध्ये मांडले आणि या क्रियेला 'निव्हेशन' हे नाव दिले.

हे कसे घडत असावे? पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. दिवसा वितळलेले पाणी खडकाच्या भेगांत शिरते, रात्री गोठते आणि भेग रुंदावते. हिमाच्या कडेला असे पुनःपुन्हा घडून खडक फुटतो, हे स्पष्टीकरण पुष्कळ वर्षे दिले जाई.

परंतु यात एक अडचण आहे. हिमात हवा कोंडलेली असते; त्यामुळे ते गोधडीसारखे काम करते. जाड थराखालच्या खडकाला दिवस-रात्रीच्या तापमानातील चढउतार जाणवत नाहीत. म्हणजे तेथे हिम खडकाचे रक्षणच करते! मग खळगा वाढतो कशाने?

याचे उत्तर ओलाव्यात आहे. उघडा उतार लवकर वाळतो; हिमाखालचा व त्याच्या पायथ्याचा उतार मात्र आठवडेच्या आठवडे ओला राहतो. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होते. अशा पाण्याने ग्रॅनाइटमधील फेल्डस्पारची हळूहळू चिकणमाती होते. कॉलिन थॉर्न यांनी कोलोरॅडोच्या पर्वतात प्रत्यक्ष मोजमापे केली. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, हिम रेंगाळते तेथे रासायनिक विदारण २ ते ४ पट, तर वाळू-मातीचे वहन २० ते ३० पट अधिक होते.

माती वाहून गेली की खळगा खोल होतो. खोल खळग्यात अधिक हिम साठते, ते अधिक काळ टिकते आणि झीज आणखी वाढते. म्हणून पर्वतावरील असा खळगा पाहून तेथे थंडी किती होती, एवढेच विचारून भागत नाही. ओल किती काळ टिकली, हेही विचारावे लागते.