प्रश्नांची जातकुळी

जुन्नरहून तीसेक किलोमीटर पश्चिमेला गेले की घाटघर लागते. एका अंगाला जीवधन, पुढे नाणेघाट आणि त्यापलीकडे थेट कोकणात उतरणारा कडा. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. राणी नागनिकेशी जोडल्या जाणाऱ्या या लेखात यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची यादी येते. त्यात गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी आहेत, आणि त्यांच्या संख्या अंकांत कोरलेल्या आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांत त्यांची गणना होते.

या अंकांत शून्य नाही. २४,४०० लिहायचे तर वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी तीन चिन्हे ओळीने येतात. चार हजाराचे चिन्ह म्हणजे हजाराच्या चिन्हाला जोडलेला चार. सातशेचे चिन्ह म्हणजे शंभराला जोडलेला सात. ही जोडणी एकदा लक्षात आली की सहा हजार वाचायला वेगळे शिकावे लागत नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात या अंकांचा उलगडा मांडला, तोही अशाच पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचनांच्या आधाराने.

घाटघर-अंजनावळ्याच्या पाचवीतल्या मुलांकडून जवाहर नवोदय विद्यालयाची निवड चाचणी नेमकी हीच नजर मागते.

परीक्षा आणि तिचा साचा

नवोदयची सुरुवात १९८५-८६ मध्ये दोन शाळांनी झाली. एक हरियाणातल्या झज्जरला, दुसरी आपल्या अमरावतीला. पुणे जिल्ह्याचे विद्यालय शिक्रापूरला आहे. सहावीपासून राहणे, जेवण, पुस्तके मोफत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, निदान एक तृतीयांश मुलींसाठी. अनुसूचित जाती-जमातींनाही आरक्षण आहे. हिरडा गोळा करून आणि भातखाचरावर घर चालवणाऱ्या महादेव कोळी आदिवासी कुटुंबासाठी हे दार फार मोलाचे आहे. मात्र सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते.

प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. बुद्धिमत्तेचे ४०, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकाही प्रश्नाचे उत्तर कोरे सोडू नये.

बुद्धिमत्तेच्या ४० प्रश्नांचे दहा भाग असतात, प्रत्येकात चार प्रश्न. वेगळी आकृती, तंतोतंत जुळणारी आकृती, अपुरा नमुना पूर्ण करणे, आकृत्यांची मालिका, सहसंबंध, भौमितिक आकृती पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा, दुमडून छिद्र पाडलेला कागद, तुकडे जोडून होणारी आकृती आणि लपलेली आकृती. निम्मे गुण या दहा घराण्यांत आहेत. आकृत्या दर वर्षी नव्या असतात, घराणी तीच.

प्रत्येक घराण्याला स्वतःला विचारायचा एक प्रश्न असतो. मालिकेत विचारायचे: काय फिरते, कोणत्या दिशेने, किती? बाण प्रत्येक वेळी घड्याळाच्या दिशेने ४५ अंश फिरतो आणि टिंब एकाने वाढते, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या की पर्याय आपोआप गळतात. आरसा उभा असेल तर डावे-उजवे बदलते, वर-खाली नाही. दुमडलेल्या कागदात आधी थर मोजायचे. चौकोनी कागद दोनदा निम्मा दुमडला की चार थर होतात. त्यांतून आरपार एक छिद्र पाडले तर उलगडल्यावर चार छिद्रे दिसतात, घडीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर. हे पाठ करवून घेऊ नका. मुलाच्या हातात जुन्या वहीचे पान द्या, दुमडू द्या, भोक पाडू द्या, आणि उलगडण्याआधी उत्तर काढायला सांगा.

शब्दांच्या मागे असलेली गोष्ट

अंकगणितात नुसता चेहरा ओळखून भागत नाही. दोन एसटी सकाळी आठला एकाच वेळी सुटल्या. एक दर ४० मिनिटांनी, दुसरी दर ६० मिनिटांनी सुटते. पुन्हा एकत्र कधी सुटतील? लसावि १२०, म्हणजे दहा वाजता. दुसरा प्रश्न: ४८ आणि ६० किलोचे हिरड्याचे दोन ढीग न मिसळता, काही न उरवता सारख्या वजनाच्या पोत्यांत भरायचे आहेत. जास्तीत जास्त किती किलोचे पोते चालेल? मसावि १२, म्हणून १२ किलोचे.

यावरून काही मुले खूणगाठ बांधतात: ‘लहानात लहान’ किंवा ‘कमीत कमी’ दिसले की लसावि, ‘जास्तीत जास्त’ दिसले की मसावि. आता हा प्रश्न बघा. वर्ग ६०० सेंटिमीटर लांब आणि ४८० सेंटिमीटर रुंद आहे. सारख्या चौरस सतरंज्यांनी तो पूर्ण झाकायचा आहे. कमीत कमी किती सतरंज्या लागतील? इथे ‘कमीत कमी’ आहे, पण सतरंज्या कमी लागायच्या तर प्रत्येक मोठ्यात मोठी हवी. मसावि १२०. लांबीत पाच, रुंदीत चार, एकूण वीस. शब्दावर विसंबलेले मूल २४०० घेऊन बसते आणि पर्यायांत ते सापडले तर गोल रंगवून मोकळे होते.

संशोधक मिशेलीन ची आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये भौतिकशास्त्राच्या गणितांवर हेच दाखवले. नवशिके गणितांची वर्गवारी वरच्या रूपावरून करतात, उतार दिसला की एक गट, स्प्रिंग दिसली की दुसरा. जाणकार ती आतल्या तत्त्वावरून करतात. पाचवीच्या मुलालाही ही सवय लावता येते, फक्त प्रश्न वाचल्यावर त्याला विचारायचे, ‘इथे तुकडे पाडायचेत की पुन्हा गाठ घालायची?’ तुकडे असतील तर मसावि, गाठ असेल तर लसावि.

तयारी कशी करावी

जुन्या प्रश्नपत्रिका सालाप्रमाणे सोडवून बाजूला ठेवू नयेत. वहीत प्रत्येक प्रकाराला चार पाने द्यावीत आणि वेगवेगळ्या सालांचे प्रश्न तिथे शेजारी शेजारी उतरवावेत. दोन प्रश्नांत काय सारखे आणि काय निराळे, हे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावे. चुकलेल्या प्रश्नापुढे नुसते बरोबर उत्तर लिहू नये, चूक कुठल्या पायरीवर झाली ते लिहावे. दर प्रकारचा एक प्रश्न मुलाला स्वतः तयार करायला सांगावा. प्रश्न बनवता आला की प्रकार कळला असे खुशाल समजावे.

सुरुवातीचे महिने घड्याळ बाजूला ठेवावे. प्रकार अंगवळणी पडले की मग सगळे प्रश्न मिसळून, दोन तास लावून सोडवावेत, कारण परीक्षेत प्रश्नावर धड्याचे नाव छापलेले नसते. भाषेच्या चार उताऱ्यांत आधी प्रश्न नजरेखालून घालावेत आणि उत्तर उताऱ्यातूनच द्यावे, माहितीतून नव्हे.

एवढ्यासाठी महागडा क्लास लागत नाही. परीक्षेचा आराखडा माहितीपत्रकात उघड छापलेला असतो. लागते ती एक वही, जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणि रोज अर्धा तास शेजारी बसणारे मोठे माणूस. या दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा पाचवीत शिकणाऱ्या एखाद्या पोरापाशी तो अर्धा तास बसा.