दरडभिंगरी : चित्रातला पक्षी आणि चित्राबाहेरची दरड

काही पक्षी चित्रकारासाठीच जन्माला आले असावेत असे वाटते. मोर, नीलपंख, स्वर्गीय नर्तक ही त्यांतली नावे. काही पक्षी मात्र चित्रकाराला काहीच देत नाहीत. नदीकाठच्या उभ्या मातीत बिळे कोरून राहणारी एक छोटी भिंगरी या दुसऱ्या जातीतली आहे. लांबी जेमतेम १२ सेंटिमीटर, वजन १३-१४ ग्रॅम. पाठ मातकट तपकिरी, पोट पांढरे, आणि छातीवरून गेलेला एक तपकिरी पट्टा. ना लांब तारेसारखी शेपटी, ना निळी झळाळी. इंग्लंडात तिला सँड मार्टिन म्हणतात, अमेरिकेत बँक स्वॉलो. शास्त्रीय नाव रिपारिया रिपारिया. लॅटिनमध्ये 'रिपा' म्हणजे नदीचा काठ. तो काठ नावात दोनदा आला आहे. मराठी पुस्तकांत भिंगरी आणि पाकोळी या नावांची बरीच सरमिसळ आहे, म्हणून या लेखापुरते मी तिला 'दरडभिंगरी' म्हणतो.

या पक्ष्याच्या चित्रांचा माग काढताना एक गोष्ट वारंवार समोर येते. दरडभिंगरीला देखणेपण नाही, पण तिच्या वस्तीला आहे. उभ्या, ताज्या कापलेल्या काठावर वरच्या बाजूला शेजारी शेजारी डझनावारी, कधी शेकड्यांनी काळी भोके असतात आणि त्यांच्यासमोर हवेत पाखरांची अखंड ये-जा चाललेली असते. एका वसाहतीत दहा बिळे असतात, तशीच हजारांहून अधिकही असू शकतात. पक्षी एकटा काढला की तो कुठलाही होतो. दरडीसकट काढला की तोच होतो. निसर्गचित्रकलेने मात्र जवळजवळ दोन शतके त्याला एकटाच काढला.

या पक्ष्याचे पहिले उत्तम चित्र शब्दांतले आहे. इंग्लंडातल्या सेलबोर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी २६ फेब्रुवारी १७७४ रोजी डेन्स बॅरिंग्टन यांना लिहिलेल्या पत्रात दरडभिंगरीचे वर्णन आहे. एवढ्या मऊ चोचीचा आणि नाजूक नखांचा पक्षी घट्ट वाळूत दोन फूट खोल बीळ कसे पाडतो, याचे त्यांना नवल वाटते. बिळाच्या टोकाशी गवताचे आणि पिसांचे ओबडधोबड घरटे असते, हेही ते नोंदवतात. आणि मग एखादा चित्रकार कधीच दाखवणार नाही असा तपशील येतो : बिळांच्या तोंडाशी पिसवा इतक्या माजलेल्या, जशा पोळ्याच्या तोंडाशी मधमाश्या. १७८९ चे साल छापलेल्या 'सेलबोर्नचा निसर्गेतिहास' या त्यांच्या पुस्तकात सॅम्युअल हिएरोनिमस ग्रिम या स्विस चित्रकाराने काढलेली गावाची दृश्ये आहेत. दरडभिंगरी मात्र फक्त मजकुरात आहे. माझ्या मते ते बरेच झाले.

पिसवांचा हा तपशील गंमतीचा नाही. दरड दरवर्षी थोडी कोसळावी, ताजा काठ उघडा पडावा, ही या पक्ष्याची गरज आहे. जुन्या बिळांत परजीवी साठतात, कडेला उतार येतो, साप आणि इतर शिकारी सहज वर चढतात. नदीने काठ कापला की भिंत पुन्हा उभी आणि कोरी होते. आपण ज्याला नुकसान म्हणतो त्यावर या पक्ष्याचा संसार उभा असतो.

व्हाइटनंतर थोड्याच वर्षांत, १७९७ मध्ये, न्यूकॅसलच्या थॉमस बेविकचा ब्रिटिश पक्ष्यांवरचा पहिला खंड निघाला. त्यात दरडभिंगरीही आहे. बेविक बॉक्सवुडच्या आडव्या छेदावर, तांब्यावर कोरायच्या बारीक हत्याराने कोरीव काम करी. असा ठोकळा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच छपाईत बसे. ताम्रपटासारखा वेगळा छापावा लागत नसे. त्यामुळे पक्ष्यांची चित्रे मजकुराशेजारी आणि तुलनेने स्वस्तात लोकांच्या हाती आली. सुरुवातीला १७९१ मध्ये वायक्लिफ येथील मार्माड्यूक टन्स्टॉल यांच्या संग्रहातले पेंढा भरलेले पक्षी त्याने समोर ठेवले होते, पण त्यांच्या ताठ, खोट्या बैठकीला तो कंटाळला. त्याच्या पक्ष्यांमागे दगड, गवत, कुंपण असे थोडे तरी जग असते. छोटे का होईना, पायाखाली काहीतरी असते.

पुढच्या भव्य ग्रंथांत कागद वाढला आणि जग कमी झाले. जॉन जेम्स ऑड्यूबॉनच्या 'अमेरिकेचे पक्षी' (१८२७-३८) या ४३५ चित्रांच्या अवाढव्य ग्रंथात दरडभिंगरी ३८५ व्या चित्रात आहे. एकटी नव्हे, तर हिरव्या-जांभळ्या झळाळीच्या दुसऱ्या एका भिंगरीबरोबर. त्या दुसरीचे आणि हिचे राहणीमान वेगळे. ती झाडांच्या ढोलीत आणि कड्यांच्या कपारीत घरटे करते. दोघींना एकत्र आणले ते कुळाने आणि कागदाच्या सोयीने.

याच ऑड्यूबॉनची दुसरी एक हकिकत मला त्या चित्राहून मोलाची वाटते. लुइझियानात त्याला काही भिंगऱ्या दिसल्या, त्या नेहमीच्या दरडभिंगरीसारख्याच वाटल्याने त्याने प्रथम फारसे लक्ष दिले नाही. हातात घेऊन पाहिल्यावर पंखाच्या बाहेरच्या पिसाची कड करवतीसारखी खरखरीत लागली. १८३८ मध्ये त्याने त्या जातीला 'सेरिपेनिस', म्हणजे करवतपंखी, हे नाव दिले. ही करवतपंखीही काठातल्या बिळात राहते, पण सहसा मोठ्या वसाहतीत नाही. एकटी किंवा तुरळक. म्हणजे कागदावर जो फरक पिसाच्या कडेवर शोधावा लागतो, तो दरडीवर लांबूनही बऱ्यापैकी दिसतो.

भारताशी या गोष्टीचा एक थेट धागा आहे. आपल्याकडच्या नद्यांच्या काठी बिळे करणारी, राखी गळ्याची दरडभिंगरी ही वेगळी जाती आहे : रिपारिया चायनेन्सिस. तिचे शास्त्रीय नाव जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३० मध्ये दिले, ते मेजर-जनरल थॉमस हार्डविक यांच्या संग्रहातल्या चित्रांवर आधारलेल्या 'भारतीय प्राणिशास्त्राची चित्रे' या ग्रंथात. त्या ग्रंथासोबतचा मजकूर कधी छापलाच गेला नाही. जग ओळखते ती चित्रे आणि त्याखालची नावे. हार्डविक ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफखान्यातले अधिकारी. त्यांच्यासाठी हिंदुस्थानी चित्रकारांनी चित्रे काढली आणि त्यांपैकी बहुतेकांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. तेव्हा नदीकाठचा हा पक्षी शास्त्रात दाखल झाला तो एका चित्राच्या पानावर. नावात चीन घेऊन आणि काठ मागे ठेवून.

शतकाच्या शेवटी शार्प आणि वायट यांचा भिंगरी कुळावरचा दोन खंडांचा ग्रंथ (१८८५-९४) आला. वायटने काढलेल्या, हाताने रंगवलेल्या चित्रांचा तो डोलारा सुंदर आहे. १९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसनच्या खिशात मावणाऱ्या मार्गदर्शिकेने पक्षी पार सोलून काढला : साधी आकृती आणि ओळखीच्या खुणेकडे रोखलेली रेघ. दरडभिंगरीसाठी ती खूण म्हणजे छातीवरचा पट्टा. ओळख पटवायला हे उत्तम. पण त्या पट्ट्यापलीकडे पाहण्याची सवय मोडली ती मोडलीच.

कॅमेरा आला तेव्हा गणित उलटे होते. सुरुवातीच्या जड कॅमेऱ्याला उडती भिंगरी पकडता येणे शक्य नव्हते. घरटे मात्र हलत नाही. रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी १८९५ मध्ये ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवर पुस्तक काढले, ते संपूर्ण प्रत्यक्ष छायाचित्रांनी सजवलेले. पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी त्यांनी पोकळ बैलही बनवला होता, आणि त्यात बसून तासन् तास काढले. यंत्राच्या या दुबळेपणाने घर केंद्रस्थानी आले. नंतर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अतिवेगवान फ्लॅश आला. स्टीफन डाल्टनने सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागाएवढ्या झोताने उडते कीटक आणि पक्षी गोठवले. पंखाचे एकेक पीस दिसू लागले आणि छायाचित्रकाराचे लक्ष पुन्हा पक्ष्याकडे वळले.

आज लांब भिंगाचा कॅमेरा पुष्कळांकडे आहे. दरडभिंगरीचे नेहमीचे छायाचित्र ठरलेले : बिळाच्या तोंडाशी तीन-चार पिलांचे उघडे लालसर जबडे, समोर पंख पसरलेली आई किंवा बाप, मागे सगळे मऊ, धूसर. स्पर्धांत हे चित्र शोभते. मलाही ते आवडते, हे नाकारत नाही. पण ती 'मऊ धूसर' पार्श्वभूमी म्हणजेच दरड, आणि तिला धूसर करण्यासाठी हल्ली लोक भिंगावर लाखो रुपये खर्च करतात. जवळून एकच बीळ टिपण्यासाठी काठावर किंवा काठाखाली जाऊन बसणे तर धोक्याचे आहे. भुसभुशीत माती माणसाच्या वजनाने ढासळते, आणि पालक पक्षी बराच वेळ बिळाकडे फिरकत नाहीत.

छायाचित्र काय करू शकते याचे उदाहरण २०१९ मध्ये इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावर, बॅक्टन येथे घडले. किनाऱ्याची धूप थांबवण्यासाठी तिथे सुमारे १८ लाख घनमीटर वाळू टाकायची योजना होती. गॅसचे मोठे केंद्र आणि शेजारची गावे वाचवायची होती. वाळूखाली घरटी गाडली जाऊ नयेत म्हणून स्थानिक कौन्सिलने आधीच कड्यांवर जाळ्या लावल्या. आफ्रिकेतून हजारो मैल उडून आलेल्या दरडभिंगऱ्या आपल्या कड्यावर आल्या आणि जाळीवर आपटू लागल्या. ही दृश्ये पसरली, लोक चिडले, पक्षिसंरक्षण संस्थेने आक्षेप घेतला आणि एप्रिलमध्ये वरच्या भागातल्या जाळ्या काढाव्या लागल्या. कौन्सिलचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. पण त्या चित्रांत कडा होता, जाळी होती, आणि तिच्यापुढे घिरट्या घालणारा ठिपक्याएवढा पक्षी होता. छातीवरचा पट्टा त्यात कुणालाही दिसला नसेल.

कॅलिफोर्नियात हीच लढाई जास्त संथपणे चालली आहे. सॅक्रामेंटो नदीचे काठ धुपू नयेत म्हणून त्यांवर मोठे दगड रचले गेले. दगडात बीळ पडत नाही. १९८९ मध्ये त्या राज्याने दरडभिंगरीला संकटग्रस्त ठरवले. कॅनडात वन्यजीवांच्या स्थितीचे मूल्यमापन करणाऱ्या समितीने २०१३ मध्ये तसाच निष्कर्ष काढला. चाळीस वर्षांत तिथली ९८ टक्के संख्या घटल्याचा अंदाज होता. सॅक्रामेंटोवर अभ्यासक होडीतून जात काठावरची बिळे मोजतात. प्रत्येक बिळात बिऱ्हाड नसते, म्हणून मोजलेल्या आकड्यातून वसलेल्या बिळांचे प्रमाण वेगळे काढावे लागते.

आपल्या नद्यांवर अडचण जास्त गुंतागुंतीची आहे. वाळू उपसणारी यंत्रे काठ खातात आणि कधी कधी उभी ताजी भिंतही करून ठेवतात. राखी गळ्याची भिंगरी अशा भिंतीत वस्ती करते, तीही बहुधा हिवाळ्यात, उपसा जोरात असतानाच. पुढच्या आठवड्यात ती भिंत उरेलच असे नाही. अशा वस्तीची नोंद क्वचितच होते. पण छायाचित्रे आहेत, आणि ती पक्षिमित्रांकडेच आहेत असे नाही. घाटावरची सहल, नदीवरचा दशक्रिया विधी, पुलाच्या कामाची पाहणी अशा जुन्या फोटोंत माणसांच्या पाठीमागे काठ उभा असतो. त्यावर वरच्या तिसऱ्या हिश्शात, एका पातळीत, दाटीने काळे ठिपके असतील, तर ती बहुतेक याच पक्ष्याची वस्ती. वेड्या राघूची बिळे अधिक विखुरलेली असतात, खंड्याचे एकटेच आणि मोठे. फोटोच्या मागे नदीचे नाव, गाव, काठ उजवा की डावा आणि महिना लिहिलेला असेल, तर ठिपके मोजता येतात.