वळणावरची खरखर

सरळ रस्त्यावर निमूट चालणारी मोटार वळण येताच पुढच्या चाकाकडून खरखरू लागते आणि वळण सरले की पुन्हा गप्प होते, तेव्हा त्या आवाजाने आपल्या उत्पत्तीचा अर्धा ठावठिकाणा स्वतःच सांगितलेला असतो. तथापि बहुतेक मालक गॅरेजात जाऊन ‘पुढून आवाज येतो’ एवढीच मोघम फिर्याद करतात, आणि मग तपासाविनाच एकामागून एक सुटे भाग बदलले जाऊन बिलाचा आकडा निष्कारण वाढत राहतो.

अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या अमदानीत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळत असे व पुढची चाके केवळ दिशा देत असत. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि गाडी ओढणे व वळवणे अशी दोन्ही कामे पुढच्याच चाकांकडे सोपवणारी रचना आपल्याकडे सार्वत्रिक होऊ लागली. ती वाटते तितकी सोपी नाही. साध्या युनिव्हर्सल जॉइंटमधून शक्ती वळलेल्या चाकाकडे नेली, तर एकाच फेऱ्यात चाकाचा वेग दोनदा वाढतो व दोनदा मंदावतो, आणि कोन जितका मोठा तितके हे हिसके तीव्र होतात. या अडचणीवर अल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तोड काढली: एका वाटीत, खोबणींमध्ये बसवलेले सहा पोलादी गोळे, जे दोन दांड्यांमधील कोन नेमका दुभागणाऱ्या प्रतलातच राहतात आणि त्यामुळे दोन्ही दांड्या एकाच वेगाने फिरतात. १९५९ च्या ब्रिटिश मिनीने ही योजना घरोघरच्या मोटारीत आणली; आपले मिस्त्री तिलाच सीव्ही जॉइंट म्हणतात.

या पोलादाचे आयुष्य मात्र सर्वस्वी एका घडीदार रबरी बुटावर अवलंबून असते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बुटाच्या घडीला चीर पडली की फिरत्या जॉइंटमधले ग्रीस बाहेर फेकले जाते, चाकाच्या आतल्या अंगाला व आसपासच्या पत्र्यावर त्याचा काळा, चिकट पट्टा उमटतो, आणि त्याच चिरेतून कोकणातला तांबडा चिखल असो वा देशावरची धूळ असो, आत शिरून खोबणी झिजवू लागते. प्रारंभी पूर्ण वळणावर, विशेषतः अॅक्सिलरेटर दाबताना, ‘कट्-कट्’ असा ठराविक लयीचा आवाज येतो; पुढे त्याचीच खरखर होते.

परंतु प्रत्येक खरखर जॉइंटचीच असते असे नव्हे, म्हणून मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पुरते वळवून, प्रथम डावीकडे व मग उजवीकडे, सावकाश गोल फेरे घ्यावेत आणि काचा खाली करून ऐकावे. आवाज वेगाबरोबर चढत जाणारी घरघर असेल आणि गाडी डावीकडे वळताना तो वाढत असेल, तर भार उजव्या चाकावर पडत असल्याने उजव्या बाजूच्या बेअरिंगवर संशय धरावा. पत्रा घासल्यासारखा कर्कश सूर असेल, तर ब्रेक डिस्कमागचे पातळ संरक्षक पान वाकले आहे किंवा तिथे खडा अडकला आहे काय हे पाहावे. हा दोष बहुधा पान हलकेच मागे सारल्याने मिटतो, नवा भाग लागत नाही. ब्रेक दाबताच आवाज बदलत असेल तर पॅड झिजून धातूवर धातू घासत आहे असे समजावे, आणि ही दुरुस्ती उद्यावर टाकू नये. गाडी उभी असतानाच, स्टिअरिंग टोकाला नेल्यावर कण्हल्यासारखा आवाज उठत असेल, तर हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची पातळी पाहावी.

पुढची तपासणी चाक उचलून होते, आणि ती करताना मागच्या चाकांना उटी लावणे व गाडी जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवणे यांत कोणतीही सवलत नाही. चाक हाताने फिरवताना दुसऱ्या हाताची बोटे कॉइल स्प्रिंगवर ठेवली, तर खराब बेअरिंगची थरथर बोटांना स्पष्ट जाणवते. वरून व खालून धरून हलवल्यास प्लेही कळतो.

बूट नुकताच फाटला असेल व जॉइंट वाजत नसेल, तर तो साफ करून नवे ग्रीस व नवा बूट घातल्याने काम भागते. वाजू लागलेल्या जॉइंटला मात्र ताजे ग्रीस तारत नाही. तो बदलावाच लागतो. हबमध्ये दाबून बसवायचे बेअरिंग हातोड्याने ठोकून न बसवता प्रेसवर बसवावे आणि हबनट टॉर्क रेंचने कंपनीने नेमून दिलेल्या मापानेच आवळावा, असा आग्रह मालकाने धरावा.

पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळा संपल्यावर एकदा, स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्ही चाकांमागचे बूट बॅटरीच्या उजेडात अवश्य पाहा, आणि चीर दिसली तर त्याच आठवड्यात बदलून घ्या.